मिडवेची 'ती' पाच मिनिटं

४ जून १९४२. पॅसिफिक महासागर. मिडवे बेटाच्या घड्याळात सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झालीत. तुमच्यासमोर दोन जागा आहेत. एक निवडा.

जागा नंबर एक. तुम्ही 'अकागी' या जपानी विमानवाहू युद्धनौकेच्या डेकवर आहात. सकाळी सातपासून अमेरिकन विमानं एकामागून एक अंगावर येतायत. तीन तासांत एकही बॉम्ब लागलेला नाही, एकही टॉर्पेडो लागलेला नाही. पाण्याला चिकटून आलेली टॉर्पेडो विमानं तुमच्या 'झीरो' फायटर्सनी टपाटप पाडलीत. दमलात, घामाने भिजलात, पण मनात एकच गोष्ट आहे: आपण जिंकतोय.

जागा नंबर दोन. तुम्ही त्याच समुद्राच्या जवळपास सहा किलोमीटर वर, एका अमेरिकन डाइव्ह बॉम्बरमध्ये आहात. तुमच्या मागे पाठीला पाठ लावून गनर बसलाय. पेट्रोलचा काटा बघवत नाही. शत्रू जिथे असायला हवा होता, तिथे नुसतं पाणी होतं. परत जायला पेट्रोल पुरेल याची कुणालाच खात्री नाही. मनात एकच गोष्ट आहे: आपण बहुतेक हरतोय.

पुढच्या पाच-सात मिनिटांत जपानच्या तीन विमानवाहू नौका पेटल्या. चौथी संध्याकाळी पेटली. सहा महिने सलग जिंकत आलेलं जपानी नौदल त्या दिवसानंतर पॅसिफिकमध्ये पुन्हा पहिल्यासारखं चढाई करू शकलं नाही.

मिडवेवर सिनेमे आलेत, १९७६ मध्ये एक आणि २०१९ मध्ये एक. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी दुसरा मोबाइलवर पाहिलाही असेल. त्यातून आपल्या डोक्यात एक सोपी गोष्ट बसते. जपानी गर्विष्ठ होते, अमेरिकन शूर होते, आणि ऐनवेळी नशीब पलटलं. या गोष्टीत खरं बरंच आहे. पण दोन्ही डेकवर उभं राहून बघितलं की वेगळाच प्रश्न समोर येतो. वाईट बातमी हातात आली की तुम्ही तिचं काय करता?

मुळात हे बेट कुणाला हवं होतं?

मिडवे म्हणजे होनोलुलूपासून साधारण २,१०० किलोमीटर वायव्येला असलेलं एक चिमुकलं प्रवाळबेट. त्यावर अमेरिकेची धावपट्टी होती. बस, एवढंच.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा अमेरिकेची मोठी जहाजं बंदरात सापडली. विमानवाहू नौका मात्र तिथे नव्हत्या. त्या वाचल्या. पुढचे सहा महिने जपानची घोडदौड सुरू होती. आपल्याकडेही तिची झळ पोचली होती. एप्रिल १९४२ मध्ये ॲडमिरल चुइची नागुमो यांच्या ताफ्याने कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले, 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली. त्याच आठवड्यात बंगालच्या उपसागरात फिरणाऱ्या दुसऱ्या एका जपानी तुकडीची विमानं विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकून गेली. 'अकागी', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' ही मिडवेला बुडालेली तीन जहाजं त्याआधी दोनच महिने आपल्या शेजारच्या समुद्रात होती.

१८ एप्रिलला अमेरिकेची १६ बॉम्बर विमानं थेट टोकियोपर्यंत जाऊन पोचली. नुकसान फार नव्हतं, पण नाक कापलं गेलं. जपानच्या संयुक्त ताफ्याचे सरसेनापती ॲडमिरल इसोरोकु यामामोतो मिडवेची योजना आधीपासूनच पुढे रेटत होते. आता तिला विरोध करणारे गप्प झाले. डाव असा होता की मिडवेवर हल्ला करायचा, अमेरिकेच्या उरलेल्या विमानवाहू नौका त्याच्या बचावाला धावत येतील, आणि मग त्यांना गाठून संपवायचं.

फासे पुन्हा टाका!

मे महिन्यात जपानी नौदलाने 'यामातो' या महाकाय युद्धनौकेवर मिडवेची रंगीत तालीम केली. टेबलावर नकाशे, फासे, पंच, सगळं व्यवस्थित. तालमीत अमेरिकेकडून खेळणाऱ्यांनी जपानी ताफ्यावर हवाई हल्ला केला. फाशांनी सांगितलं की नऊ बॉम्ब लागले, 'अकागी' आणि 'कागा' बुडाल्या.

तालमीचे प्रमुख होते यामामोतोंचे चीफ ऑफ स्टाफ मातोमे उगाकी. त्यांनी पंचांचा निकाल फिरवला. नऊ नाही, तीनच बॉम्ब लागले. 'अकागी' वाचली. 'कागा' मात्र बुडाली, पण तालमीच्या पुढच्या भागात तीही पाण्याबाहेर येऊन पुन्हा लढायला उभी राहिली.

हसू येतं ना? पण प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री ग्रुपमधलं कुणी म्हणालं, "हे तर चालतच नाहीये," तर त्याला आपण काय सांगतो ते आठवा. उगाकी मूर्ख नव्हते. वेळापत्रक ठरलं होतं, भरती-ओहोटी आणि चंद्रप्रकाश बघून तारीख नक्की झाली होती, वरिष्ठांना योजना हवी होती. अशा खोलीत वाईट बातमीला बसायला खुर्चीच नसते.

प्रत्यक्षातही वाईट बातम्या येतच होत्या. मेच्या सुरुवातीला कोरल समुद्रातल्या लढाईत 'शोकाकू' जबर जखमी झाली आणि 'झुइकाकू'ची बरीच विमानं आणि वैमानिक गेले. म्हणजे सहा मोठ्या नौकांपैकी मिडवेसाठी उरल्या चारच. तरी तारीख पुढे गेली नाही. हवाईवर टेहळणी करायला लांब पल्ल्याची सीप्लेन्स पाठवायची होती. त्यांना वाटेत इंधन भरायच्या जागी अमेरिकन जहाजं दिसली, म्हणून ती मोहीम रद्द झाली. पाणबुड्यांची साखळी लावायची होती. ती उशिरा लागली, तोवर अमेरिकन नौका पुढे निघून गेल्या होत्या. नागुमो निघाले ते जवळजवळ डोळ्यांवर पट्टी बांधूनच.

तळघरातले बँडवाले

आता पलीकडे या. पर्ल हार्बरमधल्या एका इमारतीचं तळघर. खिडक्या नाहीत. नौदल अधिकारी जोसेफ रोशफोर्ट आणि त्यांची टीम इथे जपानी नौदलाची 'जेएन-२५' ही संकेतलिपी फोडायचा प्रयत्न करतेय. त्यांच्या पंचकार्ड मशीनवर काम करायला माणसं कमी होती, म्हणून 'कॅलिफोर्निया' या युद्धनौकेच्या बँडमधले वादक घेतले होते. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात त्यांचं जहाज बुडालं, त्यामुळे हात रिकामे होते. ट्रॉम्बोन वाजवणारे हात आता आकडे लावत होते.

त्यांना जपानी संदेशांमधले तुकडेच कळत होते, पण त्यात एक नाव सारखं येत होतं: 'एएफ'. हल्ला 'एएफ'वर होणार होता. 'एएफ' म्हणजे मिडवेच, असं रोशफोर्टना वाटत होतं. वॉशिंग्टनमधल्या वरिष्ठांना ते पटत नव्हतं.

मग त्यांनी एक साधी शक्कल लढवली. समुद्राखालच्या केबलवरून मिडवेला गुपचूप निरोप गेला की तुमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलंय, असं उघड रेडिओवर कळवा. मिडवेने तसं कळवलं. थोड्याच वेळात एक जपानी संदेश पकडला गेला: 'एएफ'वर गोड्या पाण्याची टंचाई आहे. विषय संपला!

या माहितीवरून अमेरिकन कमांडर ॲडमिरल चेस्टर निमित्झ यांच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने, एडविन लेटन यांनी, जपानी ताफा कुठून, कोणत्या दिशेने आणि किती वाजता दिसेल याचा अंदाज दिला होता. तो चुकला फक्त पाच मैलांनी, पाच अंशांनी आणि पाच मिनिटांनी.

निमित्झकडे नौका होत्या अडीच. 'एंटरप्राइज', 'हॉर्नेट' आणि कोरल समुद्रात बॉम्ब खाऊन आलेली 'यॉर्कटाऊन'. दुरुस्तीला तीन महिने लागतील, असा अंदाज होता. निमित्झ म्हणाले, तीन दिवस. २७ मे रोजी ती बंदरात आली, चौदाशेच्या आसपास कामगार तिच्यावर दिवसरात्र तुटून पडले आणि ३० मे रोजी ती बाहेर पडली. जपानी हिशेबात ती बुडालेली, निदान निकामी झालेली होती.

'यॉर्कटाऊन'वर आणखी एक काम झालं होतं. कोरल समुद्रात तिच्या सोबतची 'लेक्सिंग्टन' बुडाली, त्यामागे मोठं कारण होतं पेट्रोलच्या वाफांचे स्फोट. त्यातून धडा घेऊन 'यॉर्कटाऊन'च्या इंधन विभागातल्या एका तंत्रज्ञाने युक्ती काढली. हल्ला येतोय असं दिसलं की पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करायच्या आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरायचा. एका बुडालेल्या जहाजाची वाईट बातमी महिन्याभरात दुसऱ्या जहाजाच्या कामी आली.

नागुमोंच्या जागी तुम्ही असता तर?

४ जूनच्या पहाटे साडेचारला नागुमोंची १०८ विमानं मिडवेकडे उडाली. सातला त्यांचे नेते जोइची तोमोनागा यांचा निरोप आला की बेटावर आणखी एक हल्ला करावा लागेल. त्याच सुमारास मिडवेहून आलेली अमेरिकन विमानं ताफ्यावर तुटून पडली. त्यातलं एक तर 'अकागी'च्या ब्रिजला धडकता धडकता राहिलं. बेट अजून जिवंत आहे, हे नागुमोंनी डोळ्यांनी पाहिलं.

त्यांच्या हँगरमध्ये राखीव विमानं तयार होती, पण जहाजांवर मारा करायचे टॉर्पेडो लावून. सव्वासातला त्यांनी आदेश दिला: टॉर्पेडो काढा, जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा.

पावणेआठच्या सुमारास टेहळणी विमानाचा निरोप आला की दहा जहाजं दिसतायत. कसली जहाजं, ते नाही. नागुमोंनी आदेश थांबवला. आठ वीसला दुसरा निरोप आला: सोबत विमानवाहू नौका असावीसं दिसतंय.

आता ठरवा. 'हिर्यू'वरचे ॲडमिरल तामोन यामागुची सांगतायत, हाताशी आहे ते घेऊन लगेच हल्ला करा. पण डोक्यावर तोमोनागांची विमानं परत आलीत, पेट्रोल संपत आलंय. आता हल्ल्याची विमानं डेकवर लावली, तर ही समुद्रात पडतील. सोबत पाठवायची फायटर्स ताफ्याच्या बचावात गुंतलीत. फायटर्सशिवाय आलेल्या अमेरिकन विमानांचं काय झालं, ते तुम्ही आत्ताच पाहिलंय.

नागुमोंनी ठरवलं की आधी आपली माणसं उतरवायची, मग पूर्ण ताकदीने हल्ला करायचा. वर्षानुवर्षं त्यांना यावरून शिव्या पडल्या. पण पुस्तकी नियमाप्रमाणे ते चुकले नव्हते. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की त्यांना संपवणारी विमानं तोवर हवेत होती किंवा डेकवरून उडत होती. आठ वीसला काहीही ठरवलं असतं, तरी ती यायची थांबली नसती.

एकेचाळीस विमानं

अमेरिकन बाजूला त्या सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं, असं समजू नका. सगळा गोंधळ होता. तीन नौकांवरून निघालेली पथकं एकमेकांपासून तुटली.

'हॉर्नेट'च्या टॉर्पेडो पथकाचे प्रमुख जॉन वॉल्ड्रन यांना आपल्या वरिष्ठांनी धरलेली दिशा चुकीची वाटत होती. ते आपली १५ विमानं घेऊन वेगळे झाले. त्यांनी जपानी ताफा बरोबर गाठला. सोबत एकही फायटर नव्हतं. १५ च्या १५ विमानं पडली. ३० माणसांपैकी जिवंत राहिला एकच, एन्साइन जॉर्ज गे. तो सीटची उशी डोक्यावर धरून पाण्यात लपून राहिला आणि पुढची लढाई त्याने समुद्राच्या पातळीवरून पाहिली.

मग 'एंटरप्राइज'ची १४ आली, त्यांच्यामागून 'यॉर्कटाऊन'ची १२. त्या ४१ टॉर्पेडो विमानांपैकी मूठभरच परतली. एकही टॉर्पेडो लागला नाही.

मग हे सगळे फुकट मेले का? आकड्यांत बघितलं तर हो. पण त्यांना चुकवण्यासाठी जपानी जहाजं तासभर वेडीवाकडी वळत राहिली, फायटर्सना पुन्हा पुन्हा उतरवून गोळ्या भरून सोडावं लागलं, आणि सगळ्यांचं लक्ष खाली, पाण्याकडे राहिलं. आपण कशासाठी मेलो, हे त्या मुलांना कधीच कळलं नाही.

वर 'एंटरप्राइज'चे वेड मॅक्लस्की तीसेक डाइव्ह बॉम्बर घेऊन रिकाम्या समुद्रावर फिरत होते. नियमाप्रमाणे परत फिरायला हवं होतं. त्यांनी शोध चालू ठेवला. पावणेदहा उलटून गेल्यावर त्यांना खाली एक जपानी विनाशिका जोरात उत्तर-पूर्वेकडे जाताना दिसली. ती होती 'अराशी'. 'नॉटिलस' या अमेरिकन पाणबुडीला दाबून ठेवायला ती मागे थांबली होती आणि आता आपला ताफा गाठायला धावत होती. मॅक्लस्कींनी तिची दिशा पकडली.

दहा बावीसच्या सुमारास डाइव्ह सुरू झाला. गोंधळ इथेही होताच, दोन्ही स्क्वाड्रन्स एकाच 'कागा'वर तुटून पडली. डिक बेस्ट या स्क्वाड्रन लीडरच्या ते लक्षात आलं आणि तो फक्त दोन साथीदारांसह बाजूला झाला. तीन विमानं घेऊन तो 'अकागी'वर गेला. थेट लागलेला बॉम्ब एकच, पण तो डेक फोडून खालच्या हँगरमध्ये फुटला. तिथे पेट्रोल भरलेली विमानं होती आणि घाईघाईत काढून ठेवलेला दारूगोळा होता. त्याच वेळी 'यॉर्कटाऊन'हून आलेल्या पथकाने 'सोर्यू' पेटवली.

'अकागी'च्या ब्रिजवरून नागुमोंना खिडकीतून दोरीने खाली उतरावं लागलं. 'कागा'वर आठशेहून जास्त माणसं मेली. खाली हँगरमध्ये जे मेकॅनिक सकाळपासून टॉर्पेडो काढ, बॉम्ब लाव करत होते, त्यांना पळायला वाटच नव्हती.

'हिर्यू'ची दुपार

उरलेली एक 'हिर्यू' थांबली नाही. यामागुचींनी आपली डाइव्ह बॉम्बर्स सोडली. दुपारी बाराच्या सुमारास 'यॉर्कटाऊन'ला तीन बॉम्ब लागले. पण तिच्या पेट्रोलच्या नळ्यांत कार्बन डायऑक्साइड होता. आग विझली, डेकची डागडुजी झाली, जहाज पुन्हा चालू लागलं.

दुसरा हल्ला तोमोनागांनी नेला. सकाळी मिडवेवर त्यांच्या विमानाची टाकी फुटली होती, परत येण्याइतकं इंधन बसणार नव्हतं. ते तरीही गेले, आणि परत आले नाहीत. त्यांच्या तुकडीने 'यॉर्कटाऊन'ला दोन टॉर्पेडो मारले. ती इतकी धडधाकट दिसत होती, की ही दुसरीच नौका आहे असं जपान्यांना वाटलं. आपण दोन नौका संपवल्या, आता एक विरुद्ध एक, असा त्यांचा हिशेब होता.

संध्याकाळी पाचला अमेरिकन डाइव्ह बॉम्बर्सनी 'हिर्यू'ही पेटवली. त्यात डिक बेस्ट पुन्हा होता. त्या सकाळी ऑक्सिजन यंत्रातल्या बिघाडामुळे त्याच्या फुप्फुसांना इजा झाली होती. तो पुन्हा कधीच उडाला नाही. यामागुची आणि 'हिर्यू'चे कप्तान जहाजासोबत बुडाले. इंजिनरूममधली माणसं मेली असं समजून जहाज सोडून दिलं गेलं, पण त्यातली काही जिवंत होती. ती वर आली, होडीत बसली, आणि साधारण दोन आठवड्यांनी त्यातल्या पस्तीसेक जणांना वाचवलं ते अमेरिकन जहाजाने.

उलट बाजूही सांगायला हवी. समुद्रात पडलेल्या तीन अमेरिकन वैमानिक-गनरांना जपानी विनाशिकांनी उचललं, त्यांची चौकशी केली आणि मग ठार मारलं. सिनेमात याचा छोटा तुकडा आहे. खरी गोष्ट त्याहून थंड होती.

'यॉर्कटाऊन'ला अखेर एका जपानी पाणबुडीने गाठलं आणि ७ जूनला ती बुडाली. हिशेब: जपानच्या चार विमानवाहू नौका, एक क्रूझर आणि ३,००० हून जास्त माणसं. अमेरिकेची एक विमानवाहू नौका, एक विनाशिका आणि ३०७ माणसं.

मग बातमी छापायची वेळ आली

जर्नालिझम शिकणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी खरी गोष्ट इथे सुरू होते.

जपानमध्ये जाहीर झालं की शत्रूच्या दोन विमानवाहू नौका बुडवल्या, आपली एक गेली आणि एक जखमी झाली. परतलेल्या जखमी खलाशांना हॉस्पिटलमध्ये वेगळं ठेवलं, घरच्यांनाही भेटू दिलं नाही. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचं नेतृत्व केलेले मित्सुओ फुचिदा त्या दिवशी 'अकागी'वर होते. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे उडू शकले नव्हते, जहाजावरून उतरताना घोटे मोडले. त्यांनी पुढे लिहिलं, की त्यांना रात्री मागच्या दाराने हॉस्पिटलमध्ये नेण्यात आलं. देशाच्या लष्करालाही नौदलाने पूर्ण सत्य सांगितलं नाही.

ही सवय पुढे महागात पडली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फॉर्मोसाजवळ, म्हणजे आजच्या तैवानजवळ, अमेरिकेच्या डझनाच्या आसपास विमानवाहू नौका बुडवल्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात एकही बुडाली नव्हती. नौदलाला ते कळलं, पण लष्कराला सांगायचं राहून गेलं. आणि लष्कराने त्या 'विजया'वर विसंबून फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर आणखी सैनिक पाठवले.

मग अमेरिकन बाजू सत्यवादी होती का? थांबा. 'हॉर्नेट'ची डाइव्ह बॉम्बर्स त्या सकाळी शत्रूपर्यंत पोचलीच नव्हती. सोबतची दहा फायटर्स पेट्रोल संपून समुद्रात पडली. असं असूनही 'हॉर्नेट'कडून स्क्वाड्रन्सचे वेगवेगळे अहवाल आलेच नाहीत. कप्तानाचा एकच अहवाल आला, आणि त्यातली दिशा वैमानिकांनी पुढे सांगितलेल्या दिशेशी जुळत नाही. ॲडमिरल रेमंड स्प्रूअन्स यांनी वर कळवलं की दोन अहवालांत फरक असेल तिथे 'एंटरप्राइज'चा धरावा. सभ्य भाषेत सांगायचं, तर त्यांना काहीतरी लोचा दिसला होता. रोशफोर्टना पदक द्यावं ही निमित्झची शिफारस वॉशिंग्टनने नाकारली. ते मिळालं त्यांच्या मृत्यूनंतर, १९८० च्या दशकात.

म्हणजे वाईट बातमी दडवणं ही कुठल्या एका देशाची खासियत नव्हती. फरक एवढाच की एका बाजूला ती सवय युद्धाच्या आधी, युद्धात आणि नंतरही सर्वांत वरच्या मजल्यापर्यंत पोचली होती.

पाच मिनिटांची दंतकथा

आता सगळ्यात भारी ट्विस्ट. तुम्ही कुठेही मिडवेबद्दल वाचाल, तर एक वाक्य हमखास भेटेल: जपानी विमानं डेकवर रांगेत उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर ती उडाली असती आणि इतिहास बदलला असता. ही गोष्ट सांगितली फुचिदांनी. त्यांचं पुस्तक जपानीत १९५१ ला आलं, इंग्रजीत १९५५ ला. ते तिथे हजर होते, लिहितही छान होते. जगाने विश्वास ठेवला.

२००५ मध्ये जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांचं 'शॅटर्ड सोर्ड' हे पुस्तक आलं. त्यांनी जपानी नौकांच्या नोंदी तपासल्या: कोणतं विमान किती वाजता उतरलं, कोणतं उडालं. शेवटच्या तासाभरात डेकवर सारखी फायटर्स चढ-उतर करत होती. हल्ल्याची विमानं डेकवर लावायला लागणारा सलग वेळ मिळालाच नव्हता. ती खाली हँगरमध्ये होती. उड्डाणाला पाच मिनिटं नव्हती, त्याहून बराच जास्त वेळ बाकी होता.

गंमत म्हणजे हे अगदी नवीनही नव्हतं. जपानच्या अधिकृत युद्ध-इतिहासात १९७१ मध्येच फुचिदांच्या गोष्टीशी न जुळणारं चित्र आलं होतं, पण ते जपानीत होतं. आणि नागुमोंचा लढाईचा अहवाल, विमानांच्या वेळांसकट, अमेरिकन नौदलाने १९४७ मध्येच इंग्रजीत छापला होता. रुक्ष नोंदी एका बाजूला आणि थरारक पाच मिनिटं दुसऱ्या बाजूला. पन्नास वर्षं कोण जिंकलं, ते तुम्हाला माहीत आहे.

ही पाच मिनिटं दोन्ही बाजूंना सोयीची होती, हेही बघा. हरलेल्याला म्हणता आलं, की आम्ही नशिबाने हरलो. जिंकलेल्याला म्हणता आलं, की आम्ही चमत्कार घडवला. मग तळघरातले बँडवाले, तीन दिवस न झोपलेले गोदी कामगार, नळ्यांत वायू भरणारा तंत्रज्ञ आणि तालमीत पुसलेला फाशांचा निकाल, हे सगळे गोष्टीबाहेर गेले.

सप्टेंबर २०२३ मध्ये संशोधकांनी कॅमेरे 'अकागी' आणि 'यॉर्कटाऊन'पर्यंत नेले. दोन्ही जहाजं पाच किलोमीटरहून खोल अंधारात पडलीत. अमेरिका आणि जपानमधले अभ्यासक आपापल्या ठिकाणाहून एकच लाइव्ह चित्र बघत होते आणि काय दिसतंय ते एकमेकांना सांगत होते. कॅमेरे नेणाऱ्या जहाजाचं नाव होतं 'नॉटिलस'. 'अराशी'ला मागे थांबवणाऱ्या पाणबुडीचंही तेच होतं.

ते व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. वेळ मिळेल तेव्हा दोन्ही बघा, आधी कुठलाही लावा. एक जहाज संपल्यावर दुसरं लावायला मात्र विसरू नका.